कूलर आणि बाटल्या

दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीन माणसं राहत होती आणि त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नव्हती. तिसरी मी. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "शीला, बाबांना सांग, ताट वाढलंय." बाबा तिथून हाकेच्याही अलीकडे, जाळीच्या दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून हे ऐकत असायचे. तरी मी वळून त्यांना सांगायचे. मग ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आईला सांग, अग्रलेख संपवून येतो." हेही तिनं ऐकलेलं असायचं, पण मी सांगितल्याशिवाय ती ताटावर झाकण ठेवत नसे. दिवसभर मी अशी या भिंतीवरून त्या भिंतीवर चेंडूसारखी आपटत असे. वसाहतीत कुणालाही याचा पत्ता नव्हता. गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दोघं शेजारीशेजारी बसत, बाबा ऑफिसातले किस्से सांगून पहिल्या तीन रांगा हसवत, आणि आई ओठ मुडपून सगळ्यांबरोबर हसल्यासारखं करी. घरी परतताना बसमध्ये ती बायकांच्या सीटवर खिडकीशी बसे आणि मी मधे उभी राही.

हे कसं सुरू झालं ते मला ठाऊक होतं, कारण मी तेव्हा घरात होते. आई सावंतवाडीकडची ख्रिश्चन. माहेरचं नाव रोझी. बाबा पुण्याचे कोकणस्थ. दोन्ही घरांचा विरोध पत्करून त्यांनी लग्न केलं, म्हणजे कधीकाळी त्यांच्यात काहीतरी असणारच, पण मी ते पाहिलेलं नाही. मला कळलं ते एवढंच, की रोझीची रेखा झाली, घरात मासे शिजवायचे नाहीत असं ठरलं, आणि माझं नाव दोन्हीकडे चालेल असं बघून शीला ठेवलं गेलं. मी चौथीत असताना आईचे वडील वारले. आमच्याकडे फोन नव्हता. मामानं बाबांच्या ऑफिसात फोन करून कळवलं. संसदेचं अधिवेशन चालू होतं, बाबांच्या टेबलावर प्रश्नांच्या उत्तरांच्या फायली होत्या, आणि त्याच आठवड्यात त्यांचे साहेब सहकुटुंब आमच्याकडे जेवायला यायचे होते. बाबांनी बातमी स्वतःपाशी ठेवली. साहेब आले. आईनं पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली, मॅडमना आवडल्या म्हणून दोन पोळ्या डब्यात बांधून दिल्या. अधिवेशन संपलं त्या संध्याकाळी बाबांनी बूट काढता काढता तिला सांगितलं. ती गावी पोचली तेव्हा मातीवर वाहिलेली फुलंसुद्धा सुकली होती. परत आली ती बाबांशी न बोलण्याचं ठरवूनच.

बाबांना यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. ते मला समजावून सांगत, की ताबडतोब सांगितलं असतं तरी दोन रात्रींचा प्रवास, पोचली थोडीच असती. हिशेब बरोबर होता. त्यांचे हिशेब नेहमी बरोबर असत.

बाटल्या आल्या त्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी अकरावीत असताना. आई वनस्पतिशास्त्राची पदवीधर होती, पण दिल्लीत तिच्या वाट्याला गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी तेवढी आली होती. आंतोनमामानं गावाकडून कुणाबरोबर तरी सीतेच्या वेणीची हिरवी बोंडं पाठवली. सीतेची वेणी म्हणजे कोकणातल्या झाडांवर उगवणारं ऑर्किड, पावसाळ्याच्या तोंडावर गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी लोंबणारं. तो माणूस कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाऊसवर उतरला होता. मी शाळेतून बस बदलून तिथे गेले आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती बोंडं घेऊन आले. बोटाएवढी, शिरा असलेली, अगदी सामान्य. मला वाटलं चटणीबिटणी करायची असेल. आईनं एक उन्हात धरलं आणि मला म्हणाली, "यात लाखभर झाडं आहेत. मातीत टाकलं तर एकही येणार नाही." इतकं लांब वाक्य ती माझ्याशी पुष्कळ दिवसांनी बोलली होती, आणि त्यात निरोप नव्हता.

हे बी धुळीसारखं बारीक असतं. त्याच्यात स्वतःचं अन्न नसतं, म्हणून ते बाटलीत, जेलीसारख्या थिजलेल्या गोड खळीवर पेरावं लागतं, आणि त्या खळीवर हवेतली बुरशी टपून बसलेली असते. आई करोल बागेतून चायना ग्रास आणायची, तेच, ज्याची लोक फालुद्यासारखी मिठाई करतात. त्यात साखर, कुस्करलेलं केळं, शहाळ्याचं पाणी आणि चिमूटभर खत घालून ती उकळायची. लोणच्याच्या, जॅमच्या, माल्टच्या बाटल्यांत बोटभर ओतायची आणि बाटल्या प्रेशर कुकरमध्ये उभ्या करायची. त्या दिवशी डाळ पातेल्यात शिजायची, म्हणजे शिजायची नाही. राजमा दाताखाली कचकचायचा. घरभर उकडलेल्या केळ्याचा वास सुटायचा, आंबूस, गुळमट.

खरी मेख झाकणात होती. झाकण घट्ट लावलं तर वाफ कोंडून बाटली फुटते, आणि समजा नाही फुटली, तरी पुढे आतलं रोप गुदमरतं. सैल ठेवलं तर बुरशी शिरते. आईनं झाकणांना तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडली आणि त्यात कापूस कोंबला. पहिली सगळी पेरणी काळी पडली. दुसरीही. बाबा ऑफिसातून आल्यावर खिडकीतल्या बाटल्यांसमोर उभे राहत, चष्मा वर करून पाहत आणि मला सांगत, "आईला सांग, लोणचं छान मुरलंय." मी सांगायचे. ती बाटल्या साबणानं घासत राहायची.

मलाही त्या बाटल्या नको होत्या, हे सांगायला हवं. मला दोघांचाही राग यायचा. बाबांचा, कारण ते बोलायचे, आणि आईचा, कारण ती गप्प राहायची. मैत्रिणींना घरी बोलवायची सोय नव्हती. कुणी विचारलंच तर मी सांगायचे, आई जॅम करते.

काय चुकतंय ते तिला कळलं भांडी लावताना. कुकरमधून काढलेल्या झाकणातला कापूस ओला होता. गरम बाटली गार होताना बाहेरची हवा आत ओढून घेते, आणि ओल्या कापसातून बुरशीही सरळ आत जाते. तिनं माझी उशी उसवली. उशी नकली तंतूंची होती, करोल बागेतलीच. हा तंतू पाणी धरत नाही. त्याची गोळी भोकात दाबून बसवली, कुकरमध्ये ठेवताना वर पत्र्याचा चकचकीत कागद बांधला, आणि गार झाल्यावर भोकावर जखमेला लावतात ती पांढरी कागदी पट्टी दुहेरी चिकटवली. हवा जाईल, बुरशी जाणार नाही. झाकणाची कड मात्र टेपनं गच्च बंद. मी काही महिने घडी घातलेल्या चादरीवर डोकं ठेवून झोपले. आता मुलं तसली गाळणी बसवलेली तयार झाकणं फोनवर मागवतात, दुसऱ्या दिवशी दारात येतात. नोएडातल्या माझ्या सोसायटीतल्या एका मुलानं मला ती कौतुकानं दाखवली. मी छान आहेत म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरले.

तिसरी पेरणी स्वच्छ राहिली. बरेच आठवडे काहीच घडलं नाही, आणि मग एका सकाळी खळीवर मोहरीहून बारीक हिरवे ठिपके दिसले. त्या दिवशी आईनं शिरा केला, बेदाणे घालून. बाबांनी तो खाल्ला आणि कसला म्हणून विचारलं नाही. पण लोणच्याचा विनोद त्या दिवसापासून बंद झाला, आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. ती बाटल्या बघायला बसली की ते पंखा पाचावर करायचे. खिडकीतल्या बाटल्या आत उन्हाबाहेर सरकवलेल्या सापडायच्या. कधी एखादी उलटी. विचारलं तर म्हणायचे, धूळ पुसत होतो. बाबांनी आयुष्यात त्या घरात फडकं हातात घेतलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात फुलांच्या प्रदर्शनात आईची भसीन मॅडमशी ओळख झाली. या बाई दिल्लीबाहेर, मानेसरच्या अलीकडे जमीन घेऊन हॉटेलांसाठी फुलं पिकवत होत्या. उंच, पांढरे केस, पुरुषी घड्याळ. आईनं पर्समधून छोटी बाटली काढून दाखवली. मॅडमनी ती उजेडात फिरवली, झाकणावरची पट्टी नखानं चाचपली आणि विचारलं, "ये आपने घर पे किया? किचन में?" आई हो म्हणाली. त्या म्हणाल्या, की रोपं दाटीवाटीनं वाढली आहेत, ती नव्या बाटल्यांत विरळ लावा, आणि महिनाभर स्वच्छ राहिली तर घेऊन या. त्यांना पेरणीची खोली सांभाळायला माणूस हवा होता. दोन माणसं ठेवून पाहिली होती, दोघांनीही सगळं सडवलं होतं. "मुझे डिग्री नहीं चाहिए," त्या म्हणाल्या, "मुझे साफ बोतल चाहिए."

घरी आल्यावर मला निरोप द्यायला लागला, की आईला कदाचित नोकरी लागेल. बाबांनी पेपर उलटला. "आईला सांग, मानेसरला बस जात नाही." खरं तर कारखान्यांच्या बसेस जायच्या. धौला कुआंच्या चौकात रोज सकाळी त्यांची रांग लागायची.

नव्या बाटल्या तयार व्हायला मे उजाडला. ज्यानं दिल्लीचा मे पाहिला नाही त्याला कूलर काय ते सांगून कळणार नाही. खिडकीत बसवलेला पत्र्याचा तो डबा, त्याला वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत धडधडणारा पंखा. त्याच्या वाऱ्यात ओल्या वाळ्याचा वास येतो आणि माणूस जिवंत राहतो. पण त्याच वाऱ्यात ताट्यांवर वाढलेली बुरशीही घरभर फिरते. उघड्या बाटलीसमोर कूलर लावणं म्हणजे त्यात चिखल टाकण्यासारखं. रविवारी सकाळी आईनं माझी खोली धुऊन काढली, फटींना ओली फडकी लावली, माशांची जुनी काचेची पेटी टेबलावर आडवी ठेवली, तिच्या तोंडावर पारदर्शक प्लास्टिक बांधून हात घालायला दोन भोकं केली. आत स्पिरिटचा दिवा. मग दाराशी येऊन मला म्हणाली, "बाबांना सांग, जेवणापर्यंत कूलर नको." बाबा बनियनवर बसले होते. ते स्पष्टपणे "बरं" म्हणाले. ते मी ऐकलं, आणि तिनंही.

मी तिच्या शेजारी उभी राहून बाटल्या द्यायचे, ती आत हात घालून जुनी उघडायची, तोंड ज्योतीवरून फिरवायची, लांब चिमट्यानं एकेक रोप उचलून नव्या बाटलीत बसवायची. नखाएवढी पानं, केसासारखी मुळं. तिच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता, तो मी रुमालानं टिपत होते. निम्मं काम झालं होतं आणि बाहेर कूलर धडधडायला लागला. दाराखालचं ओलं फडकं फुगलं.

मी बाहेर गेले. बाबांनी वर पाहिलं नाही. "आईला सांग, या घरात माणसंही राहतात." मी बटण बंद केलं. ते उठले, चालू केलं, परत बसले. मी पुन्हा बंद केलं. त्यांनी पुन्हा चालू केलं, तितक्याच सावकाश. चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्याचीच भीती वाटली. मी खाली वाकून प्लगच उपटला, तेव्हा ते म्हणाले, "शीला, तुझं यात काम नाही. तू बाजूला हो." तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. आईच्या हातांना स्पिरिटचा वास येत होता, तोंडावर बांधलेला रुमाल तिनं हनुवटीखाली ओढला, आणि मी माझ्या सवयीनं निरोप घ्यायला तिच्याकडे वळले. तिनं मला हातानं बाजूला केलं.

"माझे वडील गेले आणि तुम्ही माझ्याकडून पुरणपोळ्या करून घेतल्या," ती बाबांना म्हणाली. आवाज चढवला नव्हता. घसा मात्र ती भाषा विसरल्यासारखा घोगरा होता. "तेव्हा मी काही मागितलं नाही. नंतरही मागितलं नाही. आज दोन तास मागितले."

बाबांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, आणि ते हसले. वाईट हसू नव्हतं. पैज जिंकल्यावर माणूस हसतो तसं.

"बोललीस," ते म्हणाले. "बोललीस शेवटी."

एवढंच. मग त्यांनी स्वतः उठून कूलरची खिडकी ओढून घेतली, पंखाही बंद केला आणि म्हणाले, "कर तुझं काम. माझी कशाला ना आहे?"

मी त्या वयातही लगेच समजले. लोणच्याचे विनोद, पंखे, उलट्या बाटल्या, सगळं एवढ्यासाठी होतं. त्यांना रोपांशी वैर नव्हतं. ती मेली काय आणि जगली काय, त्यांना फरक पडत नव्हता. तिनं तोंड उघडावं एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तिच्या हातातलं जे काही असेल ते मोडायला ते तयार होते. लोक मला सांगतात, की त्या माणसाला तिच्याशी बोलायची किती आस होती बघ. मीही हे स्वतःला सांगून पाहिलंय. पण आस असलेला माणूस माफी मागतो. ते सोडून बाबांनी सगळं करून पाहिलं.

आई आत गेली आणि तिनं उरलेल्या बाटल्याही भरल्या. कडांना टेप लावली, भोकांवरच्या पट्ट्या बोटानं दाबून पाहिल्या. मग ती माझ्या पलंगावर बसली. मी पाणी दिलं. "मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. मला तिचा इतका राग आला की मी ग्लास तिथेच आपटून ठेवला. त्या घरात तिनं केलेली ती एकच गोष्ट मला आवडली होती, आणि तिला तिचीही लाज वाटत होती.

कूलरच्या वाऱ्यात सापडलेल्या बाटल्या आठवड्यात काळ्या पडल्या. नंतरच्या स्वच्छ राहिल्या. महिन्यानं तिनं त्या बांबूच्या टोपलीत वर्तमानपत्रं कोंबून बसवल्या, काळ्याही त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि दोन्ही भसीन मॅडमच्या टेबलावर मांडल्या. काळ्या कशा झाल्या हे त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "घर में हवा चल गई थी." मॅडमनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. सोमवारपासून यायला सांगितलं.

त्यानंतर आई बाबांशी बोलू लागली. हे ऐकून लोकांना बरं वाटतं. विजेचं बिल भरलंय, दूध आणलंय, उद्या मला उशीर होईल. ऑफिसात अधिकाऱ्याशी बोलतात तसं, नेमकं आणि नम्र. बाबा सुरुवातीला खुश होते. तिला दोन विनोद सांगितले, एकदा समोसे आणले. ती "थँक यू" म्हणाली. ते ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. मौनाशी त्यांना भांडता येत होतं, याच्याशी काय करावं ते त्यांना कळेना. पावसाळा संपता संपता भसीन मॅडमनी फार्मवरच्या दोन खोल्या तिला दिल्या. तिनं बाबांना समोर बसवून ते सांगितलं. त्यांनी क्वार्टर आपल्या नावावर असल्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "क्वार्टर सरकारचं आहे," आणि ट्रंकेला कुलूप लावलं. मी कॉलेज बदलून तिच्याबरोबर गेले. तिथे पहिल्या रविवारी आम्ही बांगडे तळले, दार सताड उघडं टाकून.

बाबा एकदाच तिथे आले, हिवाळ्यात, कारखान्याच्या बसनं. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसातला कोट, हातात पेरूंची पिशवी. मी त्यांना पेरणीच्या खोलीपर्यंत नेलं. खोलीला मोठी काच होती आणि आत आई पांढऱ्या कोटात, तोंडाला पट्टी बांधून दिव्यासमोर बसलेली. काम चालू असताना दार उघडत नसत, तो तिचाच नियम होता. बाबा काचेपाशी उभे राहिले. तिनं मान वर केली, त्यांना पाहिलं, नीट पाहिलं. मला वाटलं उठेल. तिनं पुढची बाटली घेतली आणि तिचं तोंड ज्योतीवरून फिरवलं.

"किती वेळ लागेल तिला?" बाबांनी मला विचारलं.

ट्रेमध्ये शेवटच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. ते त्यांनाही काचेतून दिसत होतं.

"तिलाच विचारा," मी म्हणाले. "मी आता निरोप सांगत नाही."

काचेवर टकटक करायला उचललेला हात त्यांनी खिशात घातला. मग पेरू माझ्याकडे दिले, धौला कुआंची बस कुठून मिळते ते विचारलं आणि फाटकाकडे चालू लागले. मी त्यांना रस्ता नीट दाखवला. आईनं शेवटच्या झाकणाची कड टेपनं बंद केली, हात पुसले आणि बाहेर येऊन विचारलं, "गेले?" मी हो म्हणाले. तिनं पिशवीतला एक पेरू काढून कोटाला पुसला, अर्धा मला दिला, आणि आम्ही तो तिथेच उभ्यानं खाल्ला. गोड होता.